यशयाचं पान

मेणात बुडवलेली कागदी फुलं वाळत घालायची दोरी ऑर्लीनाने या वर्षी हाताशी येईल इतकी खाली बांधून घेतली होती. मोतीबिंदू पिकल्यापासून तिला रंग दिसत, कडा दिसत नसत. गुलाबी फूल म्हणजे हवेत तरंगणारा गुलाबी डाग. पण बोटांना पन्नास वर्षांची सवय होती. क्रेपच्या कागदाची पाकळी अंगठ्यावर ताणायची, तारेला गुंडाळायची, वितळलेल्या मेणात एकदाच बुडवून काढायची. दुसऱ्यांदा बुडवलं की फूल जड होतं आणि मान टाकतं.

"आई, प्लास्टिकची आणली असती तर हा खटाटोप वाचला असता," व्हेल्डा म्हणाली. ती चुलीपाशी कोंबडीचे तुकडे पिठात घोळवत होती. सून होती, पण सत्तावीस वर्षं याच स्वयंपाकघरात वावरल्यामुळे तिला सुनेसारखं जपून बोलायची गरज उरली नव्हती.

"प्लास्टिक मेलेल्यांना कळतं."

"ते कळतं, आणि तुमच्या बोटांना चटके बसतात ते नाही कळत त्यांना?"

ऑर्लीना हसली. मे महिन्यातला शेवटचा रविवार होता, सजावटीचा. कोळशाच्या खाणींच्या या खोऱ्यातून पोटासाठी डेटनच्या आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांत गेलेली माणसं या दिवसापुरती परत येत, डोंगरावरच्या दफनभूमीतलं गवत कापत, कबरींवर मातीचा उंचवटा नव्याने चढवत, फुलं ठेवत आणि झाडांखाली लांबच लांब फळ्या टाकून एकत्र जेवत. जेवणानंतर ज्याच्या त्याच्या कबरीपाशी वचन वाचलं जाई. तिच्या नवऱ्याला, होबार्टला, जाऊन सहा वर्षं झाली. सहाही वर्षं बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या त्याच्या आवडत्या ओळी ऑर्लीनाने वाचल्या होत्या. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा उजेड दिसला, त्या. यंदा पानावर तिला नुसतं धुकं दिसत होतं.

म्हणून काल संध्याकाळी, लेक लिथा डेटनहून येऊन बॅग खाली ठेवते न ठेवते तोच, तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा लिथा वाचेल."

तिच्या मुलाने, डॉर्सीने, कॉफीचा कप ओठांपासून खाली आणला. होबार्टनंतर चर्चची पाळकगिरी त्याच्याकडे आली होती. आठवडाभर तो कोळशाचा ट्रक चालवी आणि रविवारी संदेश देई. तो म्हणाला, "वाचू दे की. घरचं बायबल काढून ठेवतो."

"मी माझ्या नव्या भाषांतराच्या पुस्तकातून वाचेन," लिथा म्हणाली.

"त्या डोंगरावर नाही."

"मग नाही वाचत."

एवढंच बोलणं झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. पण ऑर्लीनाला रात्रभर डोळा लागला नाही. ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. बत्तीस वर्षांत लिथा या घरी चारदा आली, त्यातली एक वेळ बापाच्या अंत्यविधीची. तेव्हाही ती दफनभूमीच्या फाटकापाशी उभी राहिली आणि त्याच संध्याकाळी परत गेली. दोन्ही मुलं एका कबरीपाशी उभी असलेली ऑर्लीनाला एकदा बघायची होती. रंगांचे डाग म्हणून का होईना, पण बघायची होती. पुढच्या मे महिन्याचा तिला भरवसा नव्हता.

होबार्ट स्टिल्टनर नवव्या वर्षी खाणीत उतरला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. सव्विसाव्या वर्षी देवाने त्याला हाक मारली. त्या खोऱ्यात देव हाक मारताना अक्षरओळख विचारत नसे, त्यामुळे होबार्ट प्रचारक झाला. ऑर्लीना त्याची वाचक. दर रविवारी ती व्यासपीठाशेजारी घरचं जाडजूड बायबल घेऊन उभी राही आणि एक वचन वाची. तो ते झेलल्यासारखं घेई, त्यावर पंधरा मिनिटं बोले, घाम पुसे आणि तिच्याकडे न बघता म्हणे, "वाच पुढे." ती पुढचं वाची. खोऱ्यातली पोरं प्रचारक-प्रचारक खेळताना खोकून घसा साफ करत आणि म्हणत, वाच पुढे. होबार्टच्या कानावर ते जाई, तेव्हा तो खूश होई.

आणि त्याआधी आठवडाभराच्या संध्याकाळी. त्या आठवल्या की ऑर्लीनाला अजून शेगडीची धग गालाला लागल्यासारखी वाटे. तो टबात बसून आंघोळ करी, तरी पापण्यांच्या कडेला कोळशाची रेघ राहीच, काजळ घातल्यासारखी. मग खुर्ची ओढून बसे आणि ती रविवारचा भाग वाची. दुसऱ्या वाचनाला तो ओठ हलवायला लागे. चौथ्या वाचनाला तिचा एखादा शब्द निसटला तर हात वर करी. "असं नाही ते." ती परत बघे, तर खरंच तसं नसे. तिने वाचलेलं त्याच्या डोक्यात दगडावर कोरल्यासारखं बसे. लग्नानंतर दहा वर्षांत त्याला अख्खा यशया पाठ झाला होता. एक अक्षरही न ओळखता.

"पुन्हा विचारते, डॉर्सी," लिथाचा आवाज ओसरीवरून आला. सकाळपासून ती तिथे टोपल्या भरत होती. "मी बाबांच्या ओळी माझ्या पुस्तकातून वाचल्या तर नेमकं काय होईल?"

"काही नाही होणार. वीज पडणार नाही," डॉर्सी म्हणाला. तो दारातच टेकून उभा होता. "पण टोलिव्हर काका आणि मंडळीतली म्हातारी माणसं तिथे उभी असतील. ज्या पुस्तकाचं पान बाबांनी चर्चच्या पायरीवर जाळलं, ते मी त्यांच्याच कबरीवर वाचू दिलं असं होईल."

"त्या पुस्तकात काय वाईट होतं?"

"यशयात कुमारीला मुलगा होईल म्हटलंय, तिथे कुमारीची तरुण बाई केली होती. तुला माहीत आहे. कुमारी काढली तर ख्रिस्तजन्माचं काय उरतं, सांग."

"मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांनी कुमारीच ठेवलीय. यशयात हिब्रू शब्द जसा आहे तसा घेतला. देव यशयाशी हिब्रूत बोलला, इंग्रजीत नव्हे. तुमचं घरचं बायबल करणाऱ्या राजाच्या पंडितांनीसुद्धा भाषांतरच केलं."

"त्यांनी देवाला भिऊन केलं. तुझ्या पंडितांनी एकमेकांना भिऊन केलं. खाली बारीक टिपा घालतात, काही प्रतींत असं आहे, काही प्रतींत तसं. माणसाने मरताना कोणती प्रत धरायची?"

"तू एकही टीप वाचलेली नाहीस."

"आणि अडुसष्ट साली खाणीचं छत कोसळलं तेव्हा तू आत नव्हतीस," डॉर्सी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अकरा तास, लिथा. आम्ही चौघं. दिवे पहिल्या दोन तासांत संपले. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. आम्ही काय केलं? म्हणायला लागलो. मी एक ओळ म्हणायचो, तिघं उचलायचे. त्यांतले दोघं आमच्या मंडळीचेही नव्हते. पण शब्द तेच होते, म्हणून जमलं. प्रत्येकाकडे आपापलं भाषांतर असतं, तर अंधारात चौघं चार तऱ्हेने बडबडत मेले असते. तू याला हट्ट म्हण. मी याला दोर म्हणतो."

ओसरीवर लिथाने टोपलीचं झाकण लावल्याचा आवाज आला. ऑर्लीनाला वाटलं, याचंही बरोबर आहे. आणि याच विचाराने इतकी वर्षं तिचं तोंड बंद ठेवलं होतं.

"भांडणाचं भाषांतर करायची गरज नाही, मला इथपर्यंत सगळं कळतंय," व्हेल्डा म्हणाली. "पण कोंबडी तळून झालीय. कुणीतरी उचला."

"व्हेल्डा," ऑर्लीना म्हणाली, "माझ्या खाटेखाली गोधडीच्या चिंध्यांची पेटी आहे. ती आण."

"आत्ता? गोधडी शिवणार आहात?"

"आण म्हटलं ना."

पेटी आली. ऑर्लीनाने चिंध्यांच्या तळाशी हात घातला. होबार्टच्या जुन्या सदऱ्यांचे तुकडे, लिथाच्या शाळेच्या झग्याची किनार, सगळं बोटांनी ओळखीचं. त्याखालचं पुस्तक तिने बाहेर काढलं आणि टेबलावर फुलांच्या शेजारी ठेवलं.

लिथा आत आली. तिने पुठ्ठा उघडला. आत तिचंच अक्षर होतं, बावीस वर्षांच्या मुलीचं. आईला, पहिल्या पगारातून. यातली अक्षरं मोठी आहेत, डोळे दुखणार नाहीत.

"हे जळलं नव्हतं?"

"एक पान जळलं."

ते त्रेपन्न सालचं होतं. बाहेरच्या प्रचारकांची पत्रकं खोऱ्यात आली होती, की नव्या भाषांतरात कुमारी नाहीशी झालीय. नेमकी तेव्हाच नवी मास्तरीण झालेली लिथा ते पुस्तक घरी घेऊन आली. रविवारी उपासनेनंतर होबार्ट पायरीवर उभा राहिला, पुस्तक ऑर्लीनाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ते पान काढून दे." त्याला स्वतःला ते सापडलं नसतं. तिने शोधलं. पान उलटून त्याच्या पाठीवर काय आहे तेही वाचलं. आणि काही न बोलता वचनावर बोट ठेवून पुस्तक त्याच्यापुढे धरलं. त्याने पान टरकावलं, काडी ओढली आणि बोटांना चटका बसेपर्यंत ते हातात धरून ठेवलं. "बाकीच्याचं देव बघेल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या बसने लिथा गेली. पुस्तक पायरीवर टाकून गेली. सगळ्यांना वाटलं, ते शेगडीत गेलं.

"मग तू हे लपवून ठेवलंस," डॉर्सी म्हणाला.

"ठेवलं. आणि वाचलंही." ऑर्लीनाने हात मांडीवर घेतले. "बाबांचा शेवटचा हिवाळा. छातीत खाण भरली होती त्यांच्या. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून रात्रंदिवस खुर्चीत. रोज संध्याकाळी वाच म्हणायचे. आणि घरच्या बायबलातली अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसायला लागली होती. म्हणून यातून वाचलं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. जिथे जुने शब्द आठवले तिथे ते घातले. नाही आठवले तिथे छापलं होतं तसं वाचलं."

"बाबा एक शब्द सोडत नसत. तुला हात वर करून थांबवायचे. त्यांना कळलं नाही?"

ऑर्लीना उत्तर द्यायला जरा थांबली. ते थांबणं डॉर्सीला पुरेसं झालं.

"म्हणजे त्यांची शुद्धही तेवढी राहिली नव्हती," तो म्हणाला, "आणि तू त्यांच्याच तोंडचं वचन बदललंस. मरणाऱ्या माणसाला फसवलंस, आई."

त्याने खुंटीवरची हॅट घेतली आणि तो बाहेर पडला. थोड्या वेळाने डोंगराच्या वाटेवर त्याच्या ट्रकचा आवाज आला.

"पूर्ण ऐकून घ्यायची या घरात पद्धतच नाही," व्हेल्डा म्हणाली. "आई, अजून काही होतं ना सांगायचं?"

"होतं. पण तो असल्याशिवाय काय सांगू?"

लिथाने पुस्तक उचलून आपल्या टोपलीत ठेवलं, बीन्सच्या भांड्याशेजारी, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून. मग खाली बसून तिने आईच्या बोटांवरचं मेण एकेक करून खरवडून काढलं.

डोंगरावर चाळीसएक माणसं होती. ताज्या कापलेल्या गवताचा वास, फळ्यांवर सुक्या सफरचंदाचे थर भरलेले केक, मक्याच्या भाकरी, कुणाच्या तरी डेट्रॉइटच्या सुनेने आणलेला रंगीत जेलीचा पदार्थ, ज्याला कुणी हात लावत नव्हतं. टोलिव्हर काकांनी ऑर्लीनाला हाताला धरून वर आणलं. ते तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते आणि त्यांनाच आधाराची जास्त गरज होती.

"सिस्टर ऑर्लीना, यंदा कोण वाचतंय ब्रदर होबार्टचं?"

"बघू या."

"गेल्या साली तू दोन ओळी गाळल्यास. मी काही बोललो नाही."

"म्हणजे आता बोललास."

जेवणं झाली. माणसं एकेका कबरीपाशी थांबत होबार्टच्या कबरीकडे आली. डॉर्सी उशाशी उभा होता, काखेत घरचं बायबल. ऑर्लीनाने वाकून फुलं मातीत खोवली. बारा. मान टाकलेलं एकही नव्हतं. उठताना लिथाचा हात तिच्या कोपराखाली आला.

डॉर्सीने बायबल पुढे केलं. लिथाने ते घेतलं नाही. तिने फडकं सोडून पेटीतलं ते पुस्तक काढलं. म्हातारी माणसं जराशी चुळबुळली. टोलिव्हर काकांनी चष्मा लावला. डॉर्सी काही बोलणार असं दिसलं, पण त्याआधीच लिथाने यशया उघडला होता आणि ती पानं पुढेमागे करत होती. एकदा. दोनदा.

"आई," ती हळू म्हणाली. "इथे ते नाहीच. बाबांच्या ओळी यात नाहीत."

शिवणीपाशी बोटभर रुंदीची एक फाटकी कड उभी होती.

डॉर्सी तिच्या बाजूला आला. त्याने अलीकडचं पान पाहिलं, पलीकडचं पाहिलं. हा माणूस यशया हाताच्या रेषांसारखा ओळखत होता. त्याला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"एका बाजूला कुमारी," तो म्हणाला. "आणि पाठीमागे—"

"पाठीमागे त्याच," ऑर्लीना म्हणाली.

"बाबांना माहीत होतं?"

"तेव्हा नाही. त्यांना वाचता कुठे येत होतं. मला माहीत होतं. मी पान उलटून बघितलं आणि गप्प बसले. सगळी मंडळी बघत होती, त्यांना चारचौघांत थांबवायचं माझ्याने झालं नाही. फसवलं म्हणतोस ना डॉर्सी, ते तेव्हा फसवलं. शेवटच्या हिवाळ्यात नव्हे."

ऑर्लीनाने हात पुढे करून पुस्तकाची फाटकी कड चाचपली.

"फेब्रुवारीत एकदा वाचून झाल्यावर मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेगडीत कोळसा घालायला उठले. परत आले तर त्यांचा अंगठा या कडेवर होता. असा. वर-खाली फिरवत होते. म्हणाले, 'हे लिथाचं आहे.' मी म्हटलं, हो. कधी कळलं? म्हणाले, 'पहिल्या दिवशी पहिल्याच ओळीला. तू मला काय बहिरा समजतेस?' मी म्हटलं, मग हात का नाही वर केला? म्हणाले, 'ती काय वाचते ते मला ऐकायचं होतं.'"

लिथाने पुस्तक छातीशी धरलं.

"मग विचारलं, 'जाळलेल्याच्या पाठीवर काय होतं?' खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. बराच वेळ खोकत राहिले. मला वाटलं, आता मला कधीच माफ करणार नाहीत. म्हणाले, 'सव्वीस वर्षं तू हे एकटीने बाळगलंस.' मी म्हटलं, तुम्हाला पाठ आहे ना ते, जळलं कुठे. मग त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात दिलं."

"आणि काय म्हणाले?" टोलिव्हर काकांनी विचारलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"काय म्हणणार. नेहमी म्हणायचे तेच."

डॉर्सी बापाच्या दगडाकडे बघत उभा होता. ऑर्लीनाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त काळा कोट आणि वर पांढुरका डाग. तिला वाटलं, आता तो घरचं बायबल उघडेल, त्यातून वाचेल, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच होईल. लिथा पुन्हा फाटकापाशी जाऊन उभी राहील.

डॉर्सीने बायबल उघडलं नाही. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याने डोळे मिटले आणि म्हणायला लागला. जुन्याच शब्दांत, एक मात्राही इकडची तिकडे न करता, छताखाली अकरा तास म्हटलं होतं तसं, पुढच्या माणसाला उचलता यावं इतकं सावकाश. अंधारात चालणारे लोक. मोठा उजेड. मरणाच्या छायेच्या देशात राहणाऱ्यांवर पडलेला प्रकाश. टोलिव्हर काकांचे ओठ हलायला लागले. मग आणखी कुणाचे.

फाटलेलं पान जिथे संपत होतं, बरोबर तिथे तो थांबला. पुढच्या पानावरच्या सुगीच्या आनंदाच्या ओळीही त्याला पाठ होत्या. त्या खोऱ्यात सगळ्यांनाच पाठ होत्या. पण त्याने त्या म्हटल्या नाहीत. त्याने घसा साफ केला, कुणाकडे न बघता.

"वाच पुढे, लिथा," तो म्हणाला.